पाठमोरे आत्माराम

आत्माराम मयेकर मुंबईचं बिऱ्हाड आवरून कायमचे रत्नागिरीला राहायला आले, त्या पहिल्याच आठवड्यात मिऱ्या गावात जो भेटेल तो त्यांच्या हाताची चौकशी करू लागला.

"मास्तर, हात कसा हाय आता?"

पहिल्यांदा त्यांना वाटलं, ही गावाकडची बोलायची रीत असेल. दुसऱ्यानेही तेच विचारलं तेव्हा त्यांनी स्वतःचा हात उलटसुलट करून पाहिला. मग एके सकाळी मासळी घेऊन दारावर येणाऱ्या जनीने टोपलीच्या कडेतून एक बाटली काढली आणि त्यांच्या पत्नीच्या, राजश्रीबाईंच्या हातात दिली.

"उंडीचं तेल हाय वैनी. निजताना चोळा. इतक्या वर्षांचं दुखणं, पटकन नाय जायचं. पण उतार पडंल."

"कोणाचं दुखणं?"

"मास्तरांच्या हाताचं. व्हायलन वाजवायचं सुटलं ना त्यापायी."

राजश्रीबाई गिरगावात वाढलेल्या. त्यांनी बाटली घेतली, जनीकडून बांगडे घेतले आणि आत येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "तुमचा हात दुखतो हे मला तीस-पस्तीस वर्षांत कळलं नाही. गावाला बरं कळलं!"

आत्माराम तडक शेजारच्या घरी, बहिणीकडे गेले. गोदाबाय त्यांच्याहून बरीच मोठी, ऐंशी उलटलेली. घरापुढच्या खळ्यात बसून ती आमसुलं वाळत घालत होती.

"बाय, माझ्या हाताला काय झालंय?"

"काय नाय. चांगला तर हाय."

"मग जनी तेल का आणून देते?"

गोदाबायने एकेक सोल नीट पसरलं. शेवटी म्हणाली, "मंग काय सांगायचं व्हतं लोकांना? तिकडं चाळीस माणसं बसून वाजवतात, आनि आमचा आत्मा मधी उभा राहून काठी हलवतो?"

बाय आपल्यासाठी खोटं बोलली याचा राग आत्मारामांना आला नाही. पण इतकी वर्षं तिला आपल्या कामाची लाज वाटत होती, हे त्यांना फार लागलं. कारण त्यांच्या हातात व्हायोलिन आलं, ते तिच्यामुळे.

त्यांचे वडील समुद्रावर मचवा चालवणारे तांडेल होते. पावसाळ्याचे महिने सोडले तर घरी नसत. आई लवकर गेली आणि धाकट्या भावाचं सगळं गोदाबायने केलं. न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत. शाळेच्या वाटेवर लोबो मास्तरांचं घर होतं. मास्तर चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि संध्याकाळी घरी व्हायोलिन. त्या आवाजाने आत्मारामचा पाय तिथून निघेना, म्हणून गोदाबायनेच एक दिवस दार ठोठावलं आणि विचारलं, "याला शिकवाल का?" मास्तरांनी फी नको म्हणून सांगितलं. पण ती धड्याच्या दिवशी तळलेली मांदेली घेऊन जायची आणि धडा संपेपर्यंत पायरीवर बसून राहायची. व्हायोलिन कसं धरतात, गज तारेवर सरळ का चालवायचा, राळ किती घासायची, हे सारं तिला पाठ झालं होतं. घरी आल्यावर आत्माराम जरा वाकून वाजवू लागला की चुलीपुढून हाक यायची, "कोपर वर!"

असा तिचा आत्मा एकोणिसाव्या वर्षी मास्तरांच्या ओळखीने मुंबईला गेला आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत बसला. त्या काळी एकेका गाण्याला दालन भरून वादक लागत. बहुतेक गोव्याचे, लोबो मास्तरांसारखेच कागदावरचे सूर झरझर वाचणारे. आत्मारामांना एक सवय होती. चहाच्या सुट्टीत बाकीचे बाहेर गेले की ते दुसऱ्यांच्या स्टँडवरचे कागद वाचत फिरायचे. बासरीला काय दिलंय, चेलो कुठे गप्प आहेत, आपण वाजवतो तेव्हा तिकडे काय चाललेलं असतं. बाकीचे हसायचे. "मयेकर दुसऱ्याच्या ताटात बघतो," म्हणायचे.

एक दिवस कंडक्टर आजारी पडले. वादक बसलेले, गायक तयार, वेळ जात चाललेला. कोणीतरी म्हणालं, मयेकरला सगळ्यांचं सगळं पाठ आहे, त्याला उभं करा. आत्माराम उभे राहिले. हात वर केला आणि चाळीस माणसांनी एकदम श्वास घेतलेला त्यांना ऐकू आला. बसून वाजवताना माणसाला आपला आणि फार तर शेजाऱ्याचा आवाज ऐकू येतो. मध्ये उभं राहिलं की सगळ्यांचा येतो. तो एकदा ऐकल्यावर त्यांना परत शेवटच्या रांगेत बसवेना. पुढे ते कंडक्टर म्हणूनच नावाजले गेले. नावाजले म्हणजे त्या चार भिंतींच्या आत. तिथे प्रेक्षक नसत, टाळ्या नसत आणि त्यांचं नाव कुठे छापून येत नसे. त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नाही.

मध्येच कधीतरी गोदाबाय डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आली होती. ऑपरेशन झाल्यावर आत्माराम तिला मोठ्या हौसेने रेकॉर्डिंग दाखवायला घेऊन गेले. तिला काचेपलीकडे, रेकॉर्डिस्टच्या खोलीत बसवलं. नव्या डोळ्यांनी तिने पाहिलं ते इतकंच, की सगळे वाजवताहेत आणि आपला भाऊ आपल्याकडे पाठ करून हात हलवतोय. त्याच्याकडे व्हायोलिनसुद्धा नाही. घरी परतताना टॅक्सीत ती गप्प होती. आत्मारामांना वाटलं, डोळे दुखत असतील.

पुढे सगळ्या वाद्यांचे आवाज काढणारी यंत्रं आली आणि एका माणसाच्या दोन बोटांत चाळीस माणसं मावू लागली. दालनं ओस पडली. आत्मारामांनी काही वर्षं शाळांतून मुलांना व्हायोलिन शिकवलं आणि मग दोघं नवरा-बायको मिऱ्याला आले.

रत्नागिरीत करमणार नाही अशी राजश्रीबाईंना भीती होती, पण करमलं दोघांनाही. सकाळी आत्माराम व्हायोलिन काढायचे. समुद्राच्या हवेने खुंट्या फुगायच्या, गजाचे केस सैल पडायचे. मग त्यांनी कपाटात एक छोटा दिवा लावून ठेवला आणि व्हायोलिन त्या उबेत ठेवू लागले. त्यांचं वाजवणं ऐकून पहिली आली उमा जोगळेकर. कॉलेजात गणित शिकवायची आणि वडिलांकडून आपल्या पद्धतीचं, खाली बसून वाजवायचं व्हायोलिन शिकलेली होती. तिने आणखी दोघांना आणलं. मग आले आप्पा नागवेकर.

आप्पा पोस्टातून निवृत्त झालेले, पंचक्रोशीत भजनीबुवा म्हणून ओळखले जाणारे. आत्मारामांनी मुंबईहून आणलेला चेलो, व्हायोलिनचा तो थोरला भाऊ, त्यांना फार आवडला. गुडघ्यांत धरून त्यांनी त्यावरून गज ओढला आणि म्हणाले, "सर, हा तर आमच्या बाबांसारखा बोलतो!" वयाच्या पासष्टीला ते चेलो शिकले आणि येताना आपली अर्धी भजनी मंडळी घेऊन आले. कोणी बासरीवाला, कोणी क्लॅरिनेटवाला, कोणी व्हायोलिनला नव्याने हात लावणारा. शाळेचं सभागृह रविवारी दुपारी मोकळं असायचं. तिथे 'खाडीकाठ वाद्यवृंद' उभा राहिला. आत्मारामांनी सगळ्यांना कागदावरचे सूर वाचायला शिकवलं. त्याला काही वर्षं गेली. पण शिकली मंडळी.

अडचण एकच होती. वादन रंगात आलं की सगळे डोळे मिटायचे.

भजनात तेच बरोबर. बुवाने डोळे मिटले की मागच्यांनी मिटायचे. त्याशिवाय भजन चढलं असं कोणी म्हणत नाही. उमाच्या घरच्या बैठकीतही तेच. पण इथे समोर आत्माराम छडी घेऊन उभे, आणि पुढ्यात एकजात मिटलेल्या पापण्या.

"आप्पा, माझ्याकडे बघा!"

"सर, डोळे उघडे ठेवून यमन वाजवायचा म्हणजे... लाजल्यासारखं होतं."

"झोपता की काय आप्पा तुम्ही?" उमा विचारायची.

"झोप नाही उमाताई. तल्लीन."

"तल्लीन घरी व्हा," आत्माराम म्हणायचे. "इथे माझ्याकडे बघा."

"तुमच्याकडे बघून तल्लीन कसं होणार, सर?"

सगळं सभागृह हसायचं. आत्मारामही हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

हे हसण्यावारी गेलंही असतं, पण शहरातल्या एका सांस्कृतिक मंडळाने वर्धापनदिनाला त्यांचा कार्यक्रम ठेवला. नाट्यगृहात, तिकीट लावून. आत्मारामांनी त्यासाठी स्वतः रचना केली. तिला नाव दिलं 'उधाण'. तिच्या मध्यावर संथ भाग होता. सगळी वाद्यं हळूहळू भरत जायची, अगदी काठापर्यंत, आणि तिथे एकदम थांबायची. छडी वर, डावा हात उघडा, आणि पूर्ण शांतता. ती किती वेळ ठेवायची ते आत्माराम त्या त्या वेळी ठरवणार. मग छडी खाली आली की उमाचं एकटीचं व्हायोलिन उठायचं.

त्या शांततेसाठीच त्यांनी बाकी सगळं लिहिलं होतं, म्हणा ना. पण तालमीत ती एकदाही जमली नाही. भजनात असा मोकळा वेळ सोडतच नाहीत. सोडला तर कोणीतरी टाळ वाजवून भरून काढतं. सगळे थांबले तरी आप्पांचा चेलो डोळे मिटून त्या शांततेत एकटाच शिरायचा, एखादा माणूस आरती संपल्यावर यावा तसा. मग आप्पा ओशाळून म्हणायचे, "गेलो वाटतं पुढे."

आत्मारामांना मात्र प्रेक्षकांपेक्षा वेगळीच काळजी होती. कार्यक्रमाला गोदाबायला आणायचं होतं. आपण आयुष्यभर काय केलं, ते तिला एकदा दाखवायचं होतं. मुंबईत दाखवायला गेले ते उलटंच झालं होतं. आता दोघांचीही वयं झाली. परत कधी असा योग येईल न येईल.

"मी नाय येत," गोदाबायने सांगून टाकलं.

"का?"

"तू लोकांकडं पाठ करून उभा राहनार ना? तुजी पाठ मी लहानपनी पुष्कळ चोळलीय. ती बघायला आता रिक्षानं येऊ व्हय?"

कंडक्टरची पाठच दिसते, हे खरंच होतं. आत्माराम घरी येऊन खुर्चीत बसून राहिले.

राजश्रीबाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "मग त्यांना पुढून बघू दे की."

"पुढून म्हणजे?"

"तुमच्या समोर कोण असतं? वाजवणारे. त्यांच्यात बसवा."

"रंगमंचावर? राजश्री, न वाजवणारा माणूस रंगमंचावर बसवत नाहीत."

"का हो? तुम्ही उभे राहता ते?"

आत्माराम बायकोकडे बघतच राहिले. गोदाबायचं वारं हिलाही लागलं की काय!

नाट्यगृहाचे व्यवस्थापकही तेच म्हणाले, मंचावर फक्त कलाकार. तोड उमाने काढली. "सर, आमच्या मैफलीत मागे तंबोऱ्यावर कोणीतरी बसतंच. आपण गोदामावशींपुढे मशीनचा तंबोरा ठेवू. झाल्या त्या कलाकार." गोदाबाय तेवढ्यावर तयार झाली. मंचावर बसायचं म्हटल्यावर तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी चेलोच्या मागे, आप्पांच्या अगदी पाठीशी, तिची खुर्ची मांडली. मांडीवर तंबोऱ्याची पेटी.

"बाय, हे बटण दाबायचं नाही हं," आत्माराम म्हणाले.

"मंग मी काय करू?"

"नुसतं बघायचं."

"म्हंजे तुज्यासारखं."

आप्पा फसकन हसले. आत्मारामांनी त्यांच्याकडे बघून डोळ्यांकडे बोट केलं. "आज उघडे, आप्पा."

"आज उघडे, सर. शपथ."

पडदा वर गेला. नाट्यगृह बऱ्यापैकी भरलं होतं. रत्नागिरीचा प्रेक्षक, नाटकांत मुरलेला. तो सहज टाळी देत नाही आणि खोकायचं झालं तर मोकळेपणाने खोकतो. आत्मारामांनी नमस्कार केला, वळले आणि छडी उचलली. समोर उमा, तिच्यामागे व्हायोलिनं, उजवीकडे चेलो, आणि आप्पांच्या खांद्यावरून बहिणीचा चेहरा. ती त्यांच्याकडेच बघत होती. कपाळाला आठी घालून, जशी लोबो मास्तरांच्या पायरीवर बसायची.

सुरुवातीचा भाग चांगला गेला. व्हायोलिनं जरा घाबरली होती, ती सावरली. आत्मारामांनी डावा हात खाली दाबला की क्लॅरिनेट हळू होत होतं, बोट वर केलं की बासरी येत होती. एकदा मागची व्हायोलिनं मागे राहू लागली, तेव्हा त्यांनी त्यांच्याकडे नुसतं वळून भुवया वर केल्या, आणि ती धावत येऊन मिळाली. गोदाबायची नजर छडीवरून व्हायोलिनांकडे, तिथून परत छडीकडे जात होती. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली आणि तोंड थोडंसं उघडं राहिलं. आत्मारामांनी ते पाहिलं, पण पाहत राहायला सवड नव्हती.

मग संथ भाग आला आणि यमन जमून आला. तालमीत कधी इतका जमला नव्हता. जमला म्हणूनच घात झाला. व्हायोलिनांच्या एका रांगेच्या पापण्या खाली गेल्या. क्लॅरिनेटवाला डोलू लागला. शपथ घेतलेले आप्पा मान एका बाजूला टाकून, डोळे गच्च मिटून, आपल्या बाबांच्या आवाजात विरघळून गेले. आत्मारामांनी हाताची हालचाल मोठी केली, पुढे वाकले, छडी आप्पांच्या दिशेने हलवली. मिटलेल्या डोळ्यांना ती काय दिसणार! ओरडता येत नाही. सूर भरत चालले, काठ जवळ आला. आता चारच मात्रा, आणि मग सगळे थांबतील, आणि आप्पा एकटे त्या शांततेत शिरतील. बायसमोर, सगळ्या गावासमोर. आत्मारामांनी छडी वर नेली आणि डावा पंजा उघडला.

"आप्पा, डोळं उघड! तो थांब म्हनतोय!"

चुलीपुढून यायची तशीच हाक. प्रेक्षकांच्या पहिल्या दोन-तीन रांगांना नक्की ऐकू गेली. आप्पांचे डोळे खाडकन उघडले, त्यांच्याबरोबर सगळ्यांचेच उघडले, आणि सगळे गज एकदम थांबले.

शांतता.

आत्मारामांचा हात वर होता. समोर प्रत्येक डोळा त्यांच्या हातावर. पुढच्या रांगेत कोणी हसायला लागलं होतं, ते मध्येच राहिलं. कोणी खोकलं नाही. पंखे तेवढे ऐकू येत होते. आत्मारामांना वाटलं होतं त्याहून खूप जास्त वेळ त्यांनी ती शांतता धरून ठेवली. जरा वाढवली, आणखी जरा वाढवली, आणि लोक त्यांच्याबरोबर थांबले. गोदाबाय खुर्चीच्या कडेवर आली होती. दोन्ही हात तंबोऱ्याच्या पेटीवर, श्वास रोखलेला. तिच्याकडे बघतच त्यांनी छडी खाली आणली आणि उमाचं व्हायोलिन उठलं.

टाळ्या पुष्कळ झाल्या. आप्पा उभे राहून दोन्ही कान पकडून आत्मारामांकडे बघत होते. मंडळाचे अध्यक्ष आत येऊन म्हणाले, मधला तो आवाज योजलेला होता का, फार परिणामकारक वाटला. उमाने तोंडाला पदर लावला.

घरी जायला रिक्षा केली. राजश्रीबाई पुढच्या रिक्षात उमाबरोबर गेल्या, या रिक्षात बहीण-भाऊ. भाट्याच्या खाडीकडून वारा येत होता. बराच वेळ गोदाबाय काही बोलली नाही. आत्मारामांना टॅक्सीतली ती जुनी संध्याकाळ आठवली. विचारावं की नको?

"आत्मा," तीच म्हणाली, "मधी ते काय व्हतं रे? सगळी गप बसली व्हती ते?"

"तो विराम."

"लिवलेला असतो कागदावर?"

"खूण असते नुसती. किती वेळ थांबायचं ते लिहिलेलं नसतं."

"व्हायलन उमानं वाजवलं. ते मोठं आप्पानं. आनि ते, गप बसायचं, ते कोनी वाजवलं?"

"मी, बाय."

"हं."

रिक्षा वळणावर मंदावली. गोदाबायने पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला आणि भावाच्या गुडघ्यावर चापट मारली.

"मंग असं नीट सांगायचं ना! मी मेली इतकी वर्सं लोकांना कायबाय सांगत बसले." आणि पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाली, "ह्यो माजा भाव. ऐकलंस का कधी ह्याचं?"

"नाय आजी. काय वाजवतात?"

"सगळं," गोदाबाय म्हणाली, आणि काय काय ते त्याला घर येईपर्यंत समजावत राहिली. आत्माराम बाहेर समुद्राकडे बघत बसले. तिच्या सांगण्यात दोन-तीन चुका होत्या, पण त्यांनी एकही दुरुस्त केली नाही.